तंबूविचार : प्रस्तावना

तंबूचा अभ्यास करायचा म्हटले तर कोणत्या कपाटाकडे वळावे, असा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. ग्रंथालयात तंबूचे वेगळे कपाट नसते. त्याची माहिती मोगल दरबाराच्या नोंदींत असते, ध्रुवप्रदेशातल्या रोजनिश्यांत असते, भटक्या पशुपालकांवरच्या मानवशास्त्रीय लेखनात असते, आणि कापडाच्या चाचण्यांच्या रूक्ष तक्त्यांतही असते. गिर्यारोहक वास्तुशास्त्र वाचत नाही, वास्तुविशारद डोंगरात झोपत नाही, आणि कापड विणणाऱ्याला या दोघांचाही पत्ता नसतो. मग 'चांगला तंबू कोणता' हा प्रश्न शेवटी दुकानदाराच्या गळ्यात पडतो. तो बिचारा आपल्याकडे शिल्लक असलेला तंबू चांगला म्हणून सांगतो. त्यात त्याचा दोष नाही. विषयाची मांडणीच कोणी केलेली नाही.

पाठीवर सॅक घेऊन डोंगरात राहायला जाणाऱ्या आणि त्यामुळे या विषयाच्या दाराशी आलेल्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. खरेदीची यादी तिच्यात सापडणार नाही, कारण मॉडेले दर वर्षी बदलतात. तंबू उभा कसा राहतो, भिजतो कुठून आणि फाटतो का, हे मात्र बदलत नाही. माझे म्हणणे एवढेच की दुकानातून आपण आणतो तो तंबूचा एक हिस्सा असतो. उरलेला हिस्सा मुक्कामाची जमीन, त्या रात्रीची हवा आणि उभारणाऱ्याचे हात मिळून पुरा करतात. घर एकदा बांधून होते. तंबू रोज संध्याकाळी नव्या जागी, बहुधा दमलेल्या माणसाकडून, नव्याने बांधला जातो. म्हणून तंबूची निवड ही वस्तूची निवड कमी आणि जागेची पारख जास्त आहे.

आपल्याकडची जुनी आणि तपशीलवार लेखी साक्ष अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'ची. बादशाही छावणीचे वर्णन त्यात एखाद्या खात्याचा हिशेब मांडावा तसे आहे. एका छावणीच्या वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. तंबू उभारायला इराण, तुराण आणि हिंदुस्थान इथले मिळून १,००० फरास असत. पुढे औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो की बादशहाचे तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी रवाना होई. मराठी राज्यातही तंबू, कनाती आणि जाजमे सांभाळणारा फरासखाना होता. पुण्यात त्याचे नाव आता पोलीस ठाण्याला उरले आहे. हा सगळा इतिहास वाचायला सुरस आहे, पण पाठीवर ओझे घेणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते: ओझे हत्ती वाहत असेल तर तंबूचे वजन हा विषयच उद्भवत नाही. आपला तंबू वेगळ्या कुळातला आहे. राहुट्या-शामियान्यांशी त्याचे नाते नावापुरतेच.

त्याचे खरे पूर्वज भटक्या पशुपालकांकडे शोधावेत. उत्तर आफ्रिकेपासून तिबेटपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात काळा तंबू आढळतो. पश्चिमेकडे तो बकरीच्या केसांचा असतो, तिबेट आणि लडाखकडे याकच्या केसांचा. लडाखचे चांगपा लोक आपल्या तंबूला रेबो म्हणतात. या कापडाची वीण इतकी विरळ असते की आतून पाहिले तर उन्हाचे ठिपके दिसतात. पाऊस आला की केस फुगतात, वीण आवळते आणि पाणी बहुतांश बाहेरून ओघळून जाते. कोरड्या दिवसांत त्याच छिद्रांतून धूर आणि दमट हवा बाहेर पडते. आजचा कारखानदार 'पाणी अडवणारे आणि श्वास घेणारे' असे कापड विकतो तेव्हा त्याला हेच साधायचे असते, आणि अजून ते पुरते साधलेले नाही. टोरवाल्ड फेग्रे यांचे भटक्यांच्या तंबूंवरचे १९७९ चे पुस्तक या विषयात येणाऱ्याने लवकर वाचावे. तंबू म्हणजे घराची गरीब आवृत्ती, हा आपला शहरी समज ते मोडून काढते.

महाराष्ट्रात हा समज मोडायला पुस्तकाचीही गरज पडू नये. भटक्या-विमुक्तांची पाले आपण गावाच्या कडेला पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. ज्यांना नाइलाजाने पालात जन्म काढावा लागला त्यांच्याकडे या विद्येचे सर्वांत जुने ज्ञान आहे, आणि आपण हौशी मंडळी ते कधी विचारायला गेलो नाही. दुसरी शाळा पंढरीच्या वारीची. ज्येष्ठ-आषाढात, ऐन पावसाच्या तोंडावर, दिंड्यांबरोबरचे तंबूवाले दुपारपर्यंत पुढच्या तळावर पोचून संध्याकाळच्या आत शेकडो राहुट्या उभ्या करतात. त्यांना भिजलेल्या काळ्या मातीत मेख धरत नाही हे ठाऊक असते, तिला किती तिरपी आणि किती खोल ठोकावी हे ठाऊक असते, चर कोणत्या बाजूने काढला तर पाणी शेजारच्या दिंडीत जाणार नाही हेही ठाऊक असते. हौशी गिर्यारोहकाने चर काढू नये, त्याने डोंगरावरची माती वाहून जाते, असा आजचा दंडक आहे आणि तो बरोबर आहे. पण पाणी जमिनीवरून कसे वाहते हे ज्याने फावडे हातात घेऊन शिकले, त्याला चर काढावा लागू नये अशी जागाही निवडता येते.

डोंगरासाठी म्हणून मुद्दाम घडवलेला तंबू एकोणिसाव्या शतकातल्या आल्प्समध्ये आकाराला आला. १८६५ मध्ये मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचलेल्या एडवर्ड व्हिंपर यांनी दोन्ही टोकांना काठ्यांची कैची असलेला आणि खालचे कापड भिंतींना शिवलेला तंबू बनवला. त्याचे वंशज पुढची शंभर वर्षे हिमालयात दिसत राहिले. नंगा पर्बतवर १८९५ मध्ये प्राण गमावलेल्या मम्मरींच्या नावाने ओळखला जाणारा तंबू आणखी पुढे गेला. तो हलक्या रेशमी कापडाचा होता आणि त्याला स्वतःच्या काठ्या नव्हत्या. बर्फकुऱ्हाडी उभ्या करून त्यांवर तो ताणायचा. आज चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू नवा शोध म्हणून विकले जातात. त्यातली मूळ युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

तंबूच्या इतिहासातला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण विषयाची अर्धी सूत्रे त्यात येऊन जातात. १९११ च्या जूनअखेर, अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात, स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघाले. वाटेत तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या खाली गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी दगडाच्या भिंती रचून वर कॅनव्हासचे छप्पर घातले आणि शेजारी तंबू उभा केला. मग वादळ आले. आधी तंबू उडाला. पुढे कॅनव्हासचे छप्पर गेले. वाऱ्याने ते वर खेचून धरले, फडफडवले आणि अखेर चिंध्या करून टाकले. तिघे झोपण्याच्या पिशव्यांत शिरून बर्फाखाली पडून राहिले. तंबूवाचून परतीची वाट म्हणजे मरण, हे तिघांनाही कळत होते. वारा ओसरल्यावर तंबू उताराखाली सापडला. काठ्या मिटलेल्या, कापड जवळजवळ धड. परतीच्या वाटेवर बॉवर्स झोपताना तंबूची दोरी स्वतःला बांधून घेत असे.

यात दोन कापडे होती आणि दोघांची गत वेगळी झाली. सपाट छप्पर फाटले, उभट शंकूचा तंबू फाटला नाही. वारा सपाट किंवा सैल कापडावरून वाहतो तेव्हा तो नुसता दाबत नाही, वरून शोषूनही घेतो. ढिले कापड मग वर-खाली आपटत राहते आणि शिवणीपाशी उसवते. सगळ्या बाजूंनी ताणलेला आकार तो मार सहन करतो. दुसरीकडे आकार उत्तम असूनही तंबू गेलाच, कारण तो आकार जमिनीला नीट धरून ठेवला गेला नव्हता. दुकानात आपल्याला आकार विकत मिळतो. जमिनीशी त्याची गाठ आपणच बांधायची असते. चेरी-गॅरार्ड यांनी हा प्रवास पुढे 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' या ग्रंथात लिहिला. तंबू विकत घेण्यापूर्वी मी कोणाला एकच पुस्तक सुचवले तर ते हेच असेल, मग त्याचा बेत राजमाचीचा का असेना.

ताणलेला आकार वारा का झेलतो, याचे उत्तर शास्त्रशुद्ध रीतीने मांडले ते जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी. साबणाच्या पाण्यात तारेची चौकट बुडवून ते तिच्यावर बसणाऱ्या पडद्याचा आकार पाहत. घोड्याच्या खोगिराप्रमाणे एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेला पृष्ठभाग सर्वांत शांत राहतो, कारण एकीकडचा ताण दुसरीकडच्या ताणाला धरून ठेवतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची छपरे याच विचारातून आली. चांगल्या तंबूचा कणा मध्ये किंचित खाली वळेल असा कापलेला असतो, त्याचे कारणही हेच. दुकानात उभ्या केलेल्या तंबूच्या कापडावर टिचकी मारून पाहावी. ते कुठे पोटासारखे सुटलेले असेल तर वाऱ्यात तिथेच फडफडणार.

घुमटाकार तंबूंची कथा बकमिन्स्टर फुलर यांच्या जिओडेसिक, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीतून घडलेल्या, रचनेपासून सुरू होते. १९७५ मध्ये 'द नॉर्थ फेस'ने 'ओव्हल इंटेन्शन' हा तंबू आणला, आणि एकमेकींना छेदणाऱ्या लवचिक काठ्यांचा घुमट जगभर पसरला. तो मेखांशिवाय उभा राहतो, वारा कुठूनही आला तरी तोंड देतो, पण काठ्या जास्त म्हणून वजनही जास्त. बोगद्याच्या आकाराचा तंबू तेवढ्याच वजनात ऐसपैस जागा देतो. मात्र त्याला मेखा आणि तणावे लागतातच, आणि त्याचे टोक वाऱ्याकडे करावे लागते. रात्रीतून वारा फिरला की त्याची कुशी सापडते. मधल्या एकाच काठीचा पिरॅमिड हलका आणि हिमवर्षावात भरवशाचा, पण झोपणाऱ्याच्या नेमका मध्ये खांब येतो. कोणता चांगला, हा प्रश्न जागेचे नाव घेतल्याशिवाय विचारूच नये.

वाऱ्याचे गणित एकदा कागदावर करून पाहावे. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे सहा किलो वजनाएवढा भरतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ किलोमीटर झाला की तो चौपट, जवळजवळ चोवीस किलो. तंबूची एक बाजू दोन चौरस मीटरची धरली तर तिच्यावर एखाद्या माणसाने सारखे रेलून राहण्याइतका हा भार आहे. स्वस्त तंबूंच्या फायबरग्लासच्या काठ्या अशा वेळी उभ्या चिरतात आणि त्यांच्या फाकलेल्या कुसळांनी कापडही फाडतात. चांगल्या ॲल्युमिनियमची काठी आधी वाकते, आणि वाकलेल्या काठीवर रात्र निघते. पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर मी काठ्या म्हणतो, कापड नंतर.

आता पाण्याकडे. नवख्या माणसाची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे 'तंबू गळतो'. यांतले कितीतरी तंबू गळत नसतात. माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास पाणी नकळत हवेत जाते. दोघे जण आठ तास झोपले तर अर्ध्या लिटरच्या घरातले पाणी तंबूतल्या हवेत मिसळते. त्यातच निरभ्र रात्री तंबूचे वरचे कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. मग त्याच्यावर बाहेरून दव पडते आणि आतून आपलाच श्वास थेंब होऊन बसतो. पहाटे वाऱ्याची झुळूक आली की हे थेंब तोंडावर पडतात आणि आपण शिवणीला दोष देतो.

दुहेरी भिंतीचा तंबू यावरचाच उपाय आहे. आतली जाळी किंवा पातळ कापड बाष्प बाहेर जाऊ देते, ते बाहेरच्या कापडाला जमते, आणि मधल्या फटीतून वाहणारी हवा त्यातले काही घेऊन जाते. पण ही फट राहिली तरच. वरचे कापड सैल पडून आतल्याला चिकटले की दुहेरीपणा संपला. इथे नायलॉनचा एक दोष आडवा येतो. नायलॉन पाणी शोषून सैलावते, त्यामुळे संध्याकाळी ताठ ओढलेला तंबू मध्यरात्री लोंबू लागतो आणि पावसात उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर फारच कमी पाणी शोषते आणि उन्हाचा माराही जास्त सोसते. त्याच वजनात ते थोडे कमी मजबूत, इतकेच. आपल्या हवेत मी पॉलिएस्टरच्या बाजूने आहे.

उरतो जागेचा हिस्सा. दव पडण्याच्या दिवसांत पाण्याच्या अगदी काठाला तंबू लावणे म्हणजे ओल मागवून घेणे. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी हिवाळ्यात भाड्याने मिळणारे तंबू पहाटे आतून ओले का असतात, याचे कारण एवढेच. जलाशय उबदार, हवा गार आणि दमट, आभाळ मोकळे. काठापासून थोडे वर, एखाद्या निरोगी झाडाच्या छायेत गेले की फरक लगेच कळतो, कारण झाडाची पाने तंबूला आकाशापासून झाकतात. वाळक्या फांद्यांचे झाड असेल तर अर्थातच नको. घळीच्या तळाशी गार हवा साचते, तीही जागा नको.

कंपनीच्या चिठ्ठीवरचे आकडे वाचायला शिकणे हे कमी रंजक पण आवश्यक काम. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. २० डेनियरचे कापड नाजूक, ७० चे दणकट. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तर ते झिरपेल, हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. वरच्या कापडाला १,५०० पुष्कळ झाले, कारण पावसाच्या थेंबाचा जोर एवढा नसतो. तळाची गोष्ट वेगळी. साठ किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि गुडघ्यांखाली मिळून शंभर चौरस सेंटिमीटर जागा आली असे धरले, तर तिथला दाब सहा मीटर पाण्याएवढा होतो. म्हणून ओल्या जमिनीवर तळ गुडघ्याखालीच आधी पाझरतो. शिवणीच्या छिद्रांचा उल्लेख चिठ्ठीवर बहुधा नसतो. त्यांवर पट्टी चिकटवलेली आहे की नाही हे हाताने चाचपून पाहावे. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला नेहमीची पट्टी चिकटत नाही. तिथे सिलिकॉनचाच चिकटा शिवणीवर फिरवावा लागतो.

'दोन माणसांचा' हा आकडा सर्वांत फसवा. त्याचा अर्थ दोन मॅट शेजारी-शेजारी बसतात एवढाच. सॅकला जागा नाही, बुटांना नाही. 'चार ऋतूंचा' हे शब्दही युरोप-अमेरिकेच्या हिशेबातले आहेत. चौथा ऋतू म्हणजे हिमवर्षाव. आपल्या चार महिन्यांच्या पावसाशी त्यांचा काही संबंध नाही. तंबूने ऊब मिळते हा गैरसमजही इथेच सोडावा. तंबू वारा अडवतो. ऊब स्लीपिंग बॅग देते आणि जमिनीचा गारठा मॅट अडवते.

सह्याद्रीपुरते बोलायचे तर आपल्याकडे तंबूची परंपरा नवी आहे. हरिश्चंद्रगडाच्या गुहा, राजगडावरचे पद्मावतीचे देऊळ, रतनगडावरची गुहा, पायथ्याच्या गावातली कोणाची तरी पडवी, यांतच डोंगरातल्या कित्येक पिढ्यांचे मुक्काम झाले. आज हरिश्चंद्रगडावर आसपासच्या गावांतली मंडळीच तंबू भाड्याने देतात. मला विचाराल तर घाटमाथ्यावरच्या आषाढ-श्रावणात चांगला तंबू कोणता याचे उत्तर 'कोणताच नाही' असे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या काही आठवड्यांत. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे खिडक्या उघडून आतली ओल जात नाही. अशा वेळी गावात मुक्काम करावा, घरच्या माणसांना त्याचे पैसे द्यावेत आणि चुलीजवळ कपडे वाळवावेत.

ऑक्टोबर ते मार्च हा इथला तंबूचा खरा काळ. पाऊस बहुधा नाही, वारा माफक, दव भरपूर. आत पुष्कळ जाळी असलेला, हलका, दुहेरी तंबू पुरतो. विंचू-सापांसाठी तळ भिंतींना शिवलेला हवा. काजव्यांच्या दिवसांत, मे महिन्याच्या अखेरीला, गणित पुन्हा बदलते. वळवाचा पाऊस आधी वारा पाठवतो, आणि तो वारा उघड्या पठारावरचे तंबू उपटतो. विजा चमकू लागल्या की तंबूत थांबू नये. ॲल्युमिनियमच्या काठ्या असोत वा फायबरच्या, विजेपासून तंबू कसलेही संरक्षण देत नाही.

सह्याद्रीचा कातळ आणि कोकणचा जांभ्याचा सडा मेख घेत नाही, म्हणून इथे स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमट सोयीचा. पण उभा राहतो म्हणजे टिकतो असे नव्हे. तणाव्याच्या टोकाच्या फासात एक लहान दगड अडकवून त्याच्यापुढे तणाव्यावर मोठा दगड ठेवावा. नुसता मोठ्या दगडाला दोर गुंडाळला तर धारदार कातळावर घासून तुटतो. सकाळी हे दगड जिथून उचलले तिथे परत ठेवावेत. गडावरच्या जोत्याचे किंवा तटाचे दगड या कामाला मुळीच वापरू नयेत.

हिमालयात जाणाऱ्या मराठी ट्रेकरला तंबू निवडायची वेळ फारशी येत नाही. संस्थेचा किंवा एजन्सीचा तंबू तिथे उभा असतो. तरीही तो तपासण्याचा हक्क आपल्याला आहे. सगळे तणावे बांधलेत का, वरचे कापड जमिनीपर्यंत येते का, दरवाजा वाऱ्याकडे तर नाही ना, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. तिथल्या गवताळ बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली. अनेक ट्रेकचे मुक्काम त्यामुळे बदलले. पुष्कळ ट्रेकर त्यावर नाराज आहेत. पण एकाच जागी आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या तंबूंखालचे गवत ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निकालाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. तंबू निवडताना तो कुठे लावू नये याचे ज्ञान या विषयात हळूहळू मध्यवर्ती होत आहे, आणि ते व्हायलाच हवे.

वजन कमी करण्याच्या आजच्या ध्यासाविषयी थोडे. ज्या डायनीमाच्या कागदी दिसणाऱ्या कापडाचे तंबू अर्ध्या किलोच्या आसपास भरतात, ते मूळचे शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी बनलेले. ते पाणी पीत नाही, सैलावत नाही, आणि किंमत ऐकून माणूस मागे सरकतो. दुसऱ्या टोकाला एमा गेटवूड या आजीबाई आहेत. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची ॲपलाचियन वाट एकट्या चालल्या तेव्हा त्यांच्या झोळीत पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा होता. दोन्ही टोके खरी आहेत. आपल्यासारख्याने माणशी दीड किलोच्या आत राहावे आणि वाचलेल्या पैशांतून चांगली मॅट घ्यावी.

एक गोष्ट कोणत्याही मतभेदाच्या पलीकडची. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये आणि शेगडी उबेसाठी आत घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी किंवा पाऊस कितीही असो, स्वयंपाक बाहेर.

तंबू घरी आल्यावर काय होते, यावर त्याचे आयुष्य ठरते, आणि इथे मुंबई-कोकणची हवा त्याची शत्रू आहे. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. कापड चिकट होते आणि त्याला आंबूस घाण वास येऊ लागतो. एकदा हे सुरू झाले की उपाय नाही. सहलीहून आल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवावा, आणि आवळलेल्या पिशवीऐवजी जुन्या सुती उशीच्या खोळीत सैल ठेवावा. पावसाळ्यात माळ्यावर तर टाकूच नये. विकत घेण्याआधी एकदा तोच तंबू भाड्याने मिळाला तर उत्तम. विकत घेतला की गच्चीवर दिवसा उभारावा, मग दिवे मालवून अंधारात उभारावा, वरून चार बादल्या पाणी ओतावे आणि आत बसून शिवणी पाहाव्यात. ही परीक्षा कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहे.

वाचकांना एक विनंती आहे. या विषयातले बहुतेक लेखन थंड देशांतले आहे. आपल्या दवाचे, वळवाचे, कातळाचे आणि काळ्या मातीचे अनुभव अजून कोणी नीट लिहून ठेवलेले नाहीत. आपला मुक्काम झाला की वहीत चार ओळी लिहाव्यात: जागा, महिना, वाऱ्याची दिशा, जमीन कशी होती, आतून ओल किती आली, मेख कशी बसली. वारीच्या तळावर गेलात तर तंबूवाल्यांशी बोला आणि त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत टिपून घ्या. अशा नोंदी जमल्या तर पुढच्या पिढीला सह्याद्रीसाठी तंबू निवडताना आल्प्सची पुस्तके उघडावी लागणार नाहीत.